ओतिलियाच्या हातून निसटलेले वजन

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी वजन आहे. पन्नास किलोंचे, माथ्यावर कडी असलेले. चिलीतील एका लहान बंदरात, मालाच्या काट्यासाठी मला ओतले गेले. पुढे तो काटा मोडीत निघाला आणि हमालांनी मला नवे काम दिले. गोदीत नोकरी मागणाऱ्याने सर्वांदेखत मला खांद्यापर्यंत उचलायचे. उचलले की टाळ्या पडत, माझ्या कडीवर वाइन शिंपडली जाई.

हमालासाठी ही परीक्षा योग्यच होती. परंतु गोदीत क्रेन आली, तरी प्रथा तीच राहिली.

क्रेनवरची एक जागा रिकामी झाली, तेव्हा ओतिलिया आली. मासे साफ करून तिने तंत्रशाळेची फी भरली होती आणि क्रेन चालवण्यात ती पहिली आली होती.

"घे पोरी, उचल," मुकादम एव्हारिस्तो म्हणाला.

"काका, क्रेनमध्ये दांडे हलवायचे असतात. ओझं क्रेन उचलते, मी कशाला उचलू?"

"आमच्या आज्यानं उचललं, आम्ही उचललं. तू काय राणी लागून गेलीस?"

"नाहीतर घरी जाऊन एम्पनाडा तळ!" मागून कोणीतरी ओरडले. हशा पिकला.

तिने कडी धरली. मी गुडघ्यापर्यंत वर गेले आणि निसटले. तिचे तळहात सोलून निघाले.

जागा मुकादमाच्या भाच्याला मिळाली. त्याने लवकरच एक पेटी धक्क्यावर आपटली. "असू दे, गडी दमदार आहे," मुकादम म्हणाला.

मी निर्जीव लोखंड होते, हे खरे. पण त्या टाळ्या मला आवडत होत्या, हेही तितकेच खरे.

कालांतराने ती प्रथा बंद झाली. आता मी क्रेन शिकवणाऱ्या वर्गाच्या दाराला टेकू म्हणून असते. त्या वर्गात मुलीही शिकतात. तेथे झाडलोट करते ती ओतिलिया. क्रेनवर चढायचे तिचे वय निघून गेले. केर काढताना ती माझ्याखाली फडके सारते आणि मला पायाने बाजूला ढकलते.

"थांबा मावशी, मी उचलते," एकदा एक मुलगी धावली.

"उचलतेस कशाला गं? सरकवलं की सरकतं." मग माझ्याकडे पाहत ती पुटपुटली, "एवढ्याशा ठोकळ्यापायी गेली बघ माझी क्रेन."

मित्रांनो, कोणाची परीक्षा घ्याल, तेव्हा काम कोणते आहे ते आधी पाहा. आणि मला येथून हलवू नका. समुद्राचा वारा जोराचा आहे. हे दार आपोआप बंद होते.