तेलातली चमक

नट सुटला तेव्हा गरम तेल तिच्या मनगटावरून कोपराकडे आले आणि तिथून बाहीत शिरले. तिने हात मागे घेतला नाही. नट घमेल्यात पडू द्यायचा नाही, असे तिला दोनदा बजावले गेले होते. तो मुठीत घट्ट धरून ती पाठीवर सरकत बाजूला झाली आणि दुसऱ्या हाताने घमेले जरा पुढे ढकलले. धार बरोबर मध्यावर आली.

"पडला का?" बाहेरून नवऱ्याने विचारले.

"हातात आहे."

"पोळलं का?"

"सोसवेल एवढंच."

"मग ठीक. सकाळी इंजिन चालवून तापवलं नसतं, तर तळातला गाळ उतरला नसता."

बसखालून तिला बाहेरचे जग वीतभर उंचीचेच दिसत होते. उन्हाचा एक पट्टा, नव्या तेलाच्या डब्यांचे तळ, स्टुलाचे चार पाय आणि नवऱ्याचे दोन. तिने त्याचीच जुनी खाकी पँट घातली होती आणि कमरेला ओढणीने आवळून बांधली होती. डोक्याला फडके होते. सकाळी तिला अशी पाहून कप्तान बऱ्याच दिवसांनी मनापासून हसला होता.

कप्तान हे त्याचे नाव नव्हे. कधीकाळी बसमधल्या एका सिस्टरने थट्टेत ठेवलेले ते नाव अंगाला चिकटले आणि खरे नाव फक्त कागदावर उरले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्वार्टर्समधून सकाळपाळीच्या नर्सेस आणि वॉर्डातल्या बायका इस्पितळात पोचवायच्या आणि आदल्या पाळीच्या परत आणायच्या, हे काम तो एकोणीस वर्षे करत होता. सव्वीस सीटची ही बस त्याच्या स्वतःच्या मालकीची होती. घेतली तेव्हाच ती जुनी होती. एवढ्या वर्षांत तिच्या पोटाखाली त्याच्याशिवाय कोणी गेलेले नव्हते.

दीड महिन्यापूर्वी जादा चाक उचलताना त्याच्या पाठीत कळ आली आणि तो जिथल्या तिथे बसला. मणक्यातली गादी सरकली होती. इस्पितळाने तात्पुरती दुसरी गाडी लावली. आता डॉक्टरांनी सोमवारपासून थोडे थोडे चालवायला हरकत नाही असे सांगितले होते, मात्र वाकायचे नाही आणि वजन उचलायचे नाही. सोमवार उद्यावर आला होता. गाडी दीड महिना उभी, तेलाची मुदत त्याआधीच उलटलेली. तेल बदलल्याशिवाय रस्त्यावर काढायची नाही, यावर तो अडून बसला.

"गॅरेजवाल्याला बोलावू," ती शुक्रवारी म्हणाली होती.

"त्याचा हात लागला की नटाचे आटे गेलेच म्हणून समज."

"मग मी जाते खाली."

हे ती बोलून गेली ते विषय मिटवायला. त्याने मात्र लगेच पाना काढून पुसायला घेतला.

"वहिनी," भिंतीपलीकडून शेजारच्या शिंप्याचा आवाज आला, "पाय बाहेर दिसतायत म्हणून विचारतो. कप्तानाने शेवटी तुम्हालाच गाडीखाली घातलं का?"

"हौस होती हिला," कप्तान म्हणाला.

"हौसच," ती खालून म्हणाली. "तुमच्या मशीनला तेल घालायचं असेल तर सांगा, मास्तर. आता हात बसलाय."

शिंपी हसला आणि त्याचे मशीन पुन्हा सुरू झाले. धार अजून जाड होती. सगळे तेल उतरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, असे कप्तान म्हणाला होता. तोवर करण्यासारखे काही नव्हते. ती डोक्याखाली हात घेऊन पडून राहिली.

दोन आठवड्यांपूर्वी बसमधल्या मोठ्या सिस्टर त्याला इंजेक्शन द्यायला घरी आल्या होत्या. निघताना चप्पल घालून झाल्यावरही त्या दारात घुटमळल्या. मग तिला फाटकापर्यंत घेऊन गेल्या.

"काकू, काकांचे डोळे कधी तपासलेत?"

"चष्मा आहे की त्यांना."

"चष्म्याचं नाही म्हणत मी. त्यांना डावीकडचं दिसत नाही. आजारी पडायच्या आधी दोन महिने आम्ही बघतोय. इस्पितळाच्या फाटकाला आरसा घासला, तर म्हणाले, फाटक अरुंद केलंय. आम्ही हसलो. मग एक सायकलवाली बाई आली डावीकडून. मुली ओरडल्या म्हणून ब्रेक लागला. तिला काही झालं नाही. पण काकांना आम्ही का ओरडलो तेच कळलं नव्हतं."

ती फाटकाची कडी वर-खाली करत राहिली.

"आज इंजेक्शन देताना मी मुद्दाम डाव्या बाजूला चार बोटं धरली होती," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना हातच दिसला नाही. आम्ही अजून वर कुणाला बोललो नाही. एकोणीस वर्षांत त्यांनी आम्हाला एकदा उशीर होऊ दिला नाही. पण ते पुन्हा गाडी घेऊन आले, तर मला बोलावं लागेल, काकू. मग ते कागदावर येईल. लोकांसमोर येईल."

त्या संध्याकाळी तिने मिठाची वाटी त्याच्या ताटाच्या डाव्या बाजूला ठेवली. तो दोन घास खाऊन थांबला.

"मीठ नाही वाढलंस?"

तिने वाटी उचलून उजवीकडे ठेवली. वाटी कुठून आली, हे त्याने विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने विषय काढला. डोळे एकदा दाखवून येऊ या, एवढेच ती म्हणाली.

"डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"तसं नाही. वयाप्रमाणे दाखवावेत."

"कोण काही बोललं का तुला?"

"मला कोण काय बोलणार?"

मग तो दोन दिवस हो आणि नाही यापलीकडे बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बसला डाव्या बाजूचा नवा, मोठा आरसा मागवला आणि शिंप्याकडून बसवून घेतला. जुना आरसाच धुरकटला होता, आता सगळे लख्ख दिसते, असे त्याने जेवताना कोणी न विचारता सांगितले. ती बरे म्हणाली.

घमेल्यातला आवाज बदलला. धारेचे थेंब होऊ लागले होते.

"बारीक झालं का?"

"थेंब पडतायत."

"आता एक काम कर. बोटाला थोडं घे आणि उन्हात धर. अंगठ्याने चोळून बघ."

"काय बघू?"

"काळं असणारच ते, डिझेलचं इंजिन आहे. त्यात चमक आहे का बघायची. शिसपेन्सिलीची भुकटी असते ना, तशी बारीक."

"आणि असली तर?"

"तर आतलं बेअरिंग झिजलं. इंजिन उतरवायचं. आणि या इंजिनाचे भाग आता कुठं मिळतात? उतरवलं ते उतरवलं. पण काही नसणार तसलं. दर वेळी बघतो मी."

तिने बोट घमेल्यात बुडवले आणि कुशीवर वळून हात उन्हाच्या पट्ट्यात नेला. अंगठ्याने चोळले. तेल काळे होते आणि सगळीकडे सारखे होते. बोटाच्या रेषांत शिरले, नखाच्या कडेला साचले. चमक कुठेच नव्हती. तिने पुन्हा थोडे घेतले आणि पुन्हा चोळले. तसेच होते.

स्टुलाजवळ त्याचा हात खाली आलेला तिला दिसला. तो पुसायची चिंधी शोधत होता. चिंधी त्याच्या डाव्या पावलाला जवळजवळ चिकटून पडली होती. हात उजवीकडे जमिनीवर फिरला, डब्यांवरून फिरला, पुन्हा जमिनीवर आला. मग त्याने पट्टा बांधलेली कंबर सांभाळत स्टुलावरच सगळे अंग डावीकडे फिरवले, तेव्हा ती सापडली. या सगळ्याला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तिचे बोट उन्हातच होते.

"काय गं, दिसतंय का काही?"

"दिसतंय," ती म्हणाली.

स्टुलाचे पाय जरा सरकले.

"काय दिसतंय?"

"चमक."

पलीकडे शिंप्याचे मशीन थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"एखादा कण आहे, की सगळीकडे?"

"सगळीकडे."

तिने बोट पँटला पुसले. मग तो म्हणाला, "डब्याच्या झाकणात थोडं घेऊन ये बाहेर."

तो स्वतः बघायला मागेल, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. ती तशीच पडून राहिली. बाहेरचे दोन पाय हलले नाहीत. शेवटी तिने झाकणात तेल घेतले आणि ते सांडू न देता कोपरांवर रांगत बाहेर आली. उन्हाने डोळे मिटले गेले. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि झाकण पुढे केले.

कप्तानाने दोन बोटे बुडवली आणि अंगठ्याने चोळू लागला. तो बोटांकडे बघत नव्हता, बसच्या पुढच्या जाळीकडे बघत होता. बोटे आपापली सावकाश फिरत होती. एखादा कण असता तर तो या बोटांना दिव्याशिवाय सापडला असता, हे तिला माहीत होते. डाळीतला खडाही तो असाच काढायचा, तिच्याशी गप्पा मारत, ताटाकडे न बघता. त्याने तेल नाकाशी नेले. मग हात उजवीकडे, उन्हात, चष्म्याजवळ धरला आणि पाहिले. पुन्हा चोळले.

तिचा हात भरून आला, पण तिने झाकण खाली ठेवले नाही.

"नीट बघितलंस ना तू?"

"हो."

"उन्हात धरून?"

"उन्हात धरून."

"दोनदा?"

"दोनदा बघितलं."

आता तो तिच्याकडे बघत होता. त्यासाठी त्याने मान थोडी डावीकडे वळवली होती. तिच्या कपाळाला तेल लागले होते आणि फडके कानावर सरकले होते. तिने नजर झाकणावर ठेवली.

त्याने चिंधी घेतली. आधी अंगठा पुसला, मग एकेक बोट, मग बोटांच्या बेचक्या. चिंधीची घडी घातली.

"हो," तो म्हणाला. "आहे चमक."

ती उठली. उठताना गुडघा कडकन वाजला. झाकणातले तेल तिने परत घमेल्यात ओतले.

"नट बसवून घे," तो म्हणाला. "वायसर नवीन घाल, तांब्याचा, त्या पुडीत आहे. आधी हाताने फिरव. चार आटे सरळ बसले की मगच पाना लाव. घाई करू नकोस."

ती पुन्हा खाली गेली. पहिल्या खेपेला नट तिरका धरला, तो काढून तिने पुन्हा लावला. दुसऱ्या खेपेला तो सरळ गेला. ती पाना शोधत होती तेव्हा वर त्याने फोन लावल्याचे तिला ऐकू आले. इस्पितळात गाड्यांचे बघणाऱ्या साहेबांना तो नेहमी उभा राहून फोन करायचा. आज त्याचे पाय स्टुलासमोरच होते.

"साहेब, कप्तान बोलतोय. उद्याचं जमत नाही... नाही, पाठ उत्तम आहे. गाडीचं बेअरिंग गेलं. आज तेल काढलं तेव्हा कळलं... ते नाही होणार दुरुस्त. भागच मिळत नाहीत. आता लावलीय तीच गाडी कायम ठेवा... हो. एकोणीस झाली... मी कुठला बघतोय, मला वाकायची बंदी आहे. बायकोने बघितलं." मग बराच वेळ पलीकडचे ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "नाही हो, चूक कशी होईल? तिला स्वच्छ दिसतं."

पाना नटावर बसला. तिने दोन्ही हातांनी ओढला. तो घट्ट झाल्यावरही ती थोडा वेळ धरून राहिली.

बाहेर आली तेव्हा तो नव्या तेलाच्या डब्याचे बूच उघडत होता.

"हे घालायचं?" तिने विचारले.

"मग काय करायचं? इंजिन कोरडं ठेवतात का?"

फिल्टर तिनेच बदलला. मग ड्रायव्हरच्या सीटशेजारचे इंजिनाचे झाकण उचलून तिने चौदा लिटर तेल घातले. तो खिडकीशी उभा राहून सांगत होता, हळू, बुडबुडे येऊ देऊ नकोस, नरसाळं सरळ धर. तेल मोजायची पट्टी काढून तिने ती पुसली, पुन्हा बुडवली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही.

"तूच सांग."

"वरच्या खुणेवर आहे."

"मग झालं. एक मिनिट चालू ठेवावं लागतं, तेल फिरायला."

तो स्वतः वर चढला. कमरेच्या पट्ट्यामुळे त्याला वेळ लागला. सीटवर बसून त्याने पाठ टेकली, आरशाकडे न बघता चावी फिरवली, आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले. दीड महिना उभी असलेली गाडी एकसुरात चालू राहिली. ना खडखड, ना ठोका. काचाही नीट बसवल्यासारख्या गप्प होत्या. कप्तान स्टिअरिंगवर तळवे ठेवून ऐकत होता. खाली घमेल्याशेजारी उभी राहून तीही ऐकत होती.

शिंपी मानेत टेप अडकवून भिंतीशी आला.

"काय गोड आवाज आहे," तो म्हणाला. "मग, उद्यापासून का?"

"नाही, मास्तर. बेअरिंग गेलंय."

"आवाजावरून तर वाटत नाही."

"आवाजात येत नाही ते," कप्तान म्हणाला. "इतक्यात नाही येत."

मिनिट होऊन गेले होते. त्याने आणखी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग इंजिन बंद केले. उतरताना त्याचा डावा हात दांडी चाचपू लागला. दांडी हाताच्या शेजारीच होती. तिने पुढे होऊन आपला हात दिला, तेलाने कोपरापर्यंत माखलेला. त्याने तो धरला आणि एकेक पायरी उतरून खाली आला.