दोन शाळांची एक शेळी

उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीगॉर्टनचा मधला रस्ता इतका अरुंद, की कॅथलिक बाजूला कुणी शिंकलं तर प्रोटेस्टंट बाजूची म्हातारी 'देव भलं करो' म्हणून जाई, आणि शिंक कुणाची ते कळलं की शब्द मागे घेई. त्या रस्त्याच्या दोन काठांना दोन शाळा. दोन्ही शाळांत मिळून एक शेळी.

शेळीची कल्पना कॅथलिक शाळेतल्या डिम्फना बाईंची. समोरच्या प्रोटेस्टंट शाळेचे मर्विन मास्तर बरेच आढेवेढे घेऊन तयार झाले. दोन्हीकडच्या पोरांनी मिळून शेळी सांभाळायची, दूध काढायचं, त्याचं चीज करायचं. एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. नावावर मात्र एकमत होईना. म्हणून ती इकडे ब्रिजेट आणि तिकडे व्हिक्टोरिया. हाक कुठलीही मारा, ती काही येत नसे.

गावातल्या दोघांचा तिच्यावर पहिल्यापासून डोळा होता. वेस्ली बर्नसाइड प्रोटेस्टंटांच्या जुलैच्या मिरवणुकीचे अजस्र ढोल मढवी. त्यातला एक इतका दणदणीत, की वाजला की शेजारच्या परगण्यातल्या कोंबड्या अंडी घालून मोकळ्या होत. बाईंचा सख्खा भाऊ मॅलकी आयरिश डफ मढवी. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहायचं सोडलं होतं, पण कातडं दोघांनाही शेळीचंच लागे. दोघेही आळीपाळीनं कुंपणाशी येत आणि शिंपी माप घेतो तसा तिच्या पाठीवरून हात फिरवत.

जूनमध्ये, ब्रिजेटच्या आठवड्यात, शेळीनं दावं तोडलं, पावाच्या गाडीच्या टपावर चढली आणि कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानाबाहेरचा ब्रिटिश झेंडा खाल्ला. सगळाच्या सगळा. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की कॅथलिकांनी शेळी पढवून सोडली. एकाच्या मते तर खाण्याआधी तिनं छातीवर क्रूसाची खूणही केली होती.

शुक्रवारी पालकांची सभा ठरली. शेळी बाहेर, उपक्रम बंद, एवढंच मंजूर व्हायचं होतं. "मी नेतो बिचारीला," वेस्ली म्हणाला. "तू कशाला, मी आहे ना," असं मॅलकी भिंतीकडे बघून म्हणाला.

"सोडा ना, बाई," मर्विन मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी मासे पाळू. मासे झेंडे खात नाहीत."

"मास्तर, आपल्या पोरांनी एकत्र धरलेलं हे पहिलं काम. हे बुडालं तर मासे तरी कोण पाळू देणार आहे?"

"मग करणार काय?"

"तिनं का खाल्लं, ते शोधणार. शाळाच चालवतो ना आपण?"

दोन्ही शाळांची पोरं कामाला लागली. दोरीवर जे सापडेल ते टांगलं: टेबलाचं कापड, मोजे, पडदा, मास्तरांचा टाय. शेळीनं टायकडे तर बघितलंही नाही. पण चिप्सवाल्याच्या एप्रनला ती चिकटली ती सुटेना.

"बाई, ती आधी चाटते बघा," मर्विन मास्तरांच्या वर्गातली सेडी म्हणाली.

"मीठ असणार," बाईंच्या वर्गातला फिअक्रा म्हणाला. "चिप्सचं. झेंड्यालाही तेच लागलं असणार."

एक मोजा मिठात बुडवून वाळवला, एक तसाच ठेवला. खारा मोजा गडप. साधा मोजा आजही आहे.

सभेत पोरांनी हे सगळं करून दाखवलं. लोक मान डोलवायला लागले, तेवढ्यात वेस्ली उठला.

"मोज्याचं कळलं, बाई. पण तुमचा झेंडा खाईल का ती? मीठ लावा आणि दाखवा. नाहीतर मी दावं घेऊनच आलोय."

बाई गेल्या नि मॅलकीच्या डफांच्या दुकानाच्या दारावरचा हिरवा-पांढरा-केशरी आयरिश झेंडा उतरवून घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांनी लावलेला.

"डिम्फना, बाबांचा आहे तो," मॅलकी म्हणाला.

"माहीत आहे."

"शेळीसाठी बापाला मीठ लावतेस?"

"बाबाच म्हणायचे, बोललीस तर करून दाखव." बाईंचा आवाज जरा हलला, पण मिठाचा हात थांबला नाही.

शेळीनं झेंडा हुंगला. मग मान वळवून वेस्लीच्या टोपीकडे बराच वेळ पाहिलं. मग शेळीनं जीभ काढली, आणि हिरवा, पांढरा, केशरी असा रांगेनं, शिस्तीत, शेवटच्या धाग्यापर्यंत झेंडा संपवला. वर ढेकर दिली.

आता अपमान दोन्हीकडे सारखाच झाला होता. इतकी काटेकोर समानता त्या गावात आजवर कुठल्या समितीला जमली नव्हती, त्यामुळे तक्रारीला जागाच उरली नाही. शेळी राहिली. मॅलकी बहिणीकडे पाठ फिरवून निघून गेला, आणि बाईंना ते लागलं; पण सोमवारी त्या वेळेवर शाळेत हजर.

नवे झेंडे शेळीच्या तोंडाला लागणार नाहीत इतके उंच लावायचे, हे दोन्हीकडे वेगवेगळं ठरलं. पण गावात तेवढी उंच शिडी एकच. ती वेस्लीच्या कोठीत, आणि दोघांशिवाय हलत नसे. त्याची माणसं गवत कापायला गेलेली.

शाळेच्या खिडकीतून बाईंनी पाहिलं: वेस्ली वर चढलेला, मॅलकीनं खाली शिडी धरलेली, आणि शेळी शिडीच्या पायाला मान घासत होती.

"नीट धर की रे, हलतेय," वेस्ली वरून म्हणाला.

"मी नाही, शेळी हलवतेय."

"मग तुमची शेळी आवर."

"आमची?" मॅलकी म्हणाला. "या आठवड्यात तुमची आहे."