न झटकलेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. दाराआड छत्र्यांच्या शेजारी उभा असतो. गेली चार वर्षं मला कोणी चालू केलेलं नाही, आणि कोणी करूही नये असंच मला वाटतं. का, ते सांगतो.

माझी ऐन उमेदीची वर्षं एका कार्यालयातले गालिचे साफ करण्यात गेली. मोटार जळाली तशी माझी भंगारात रवानगी झाली. तिथून मला बाबांनी उचलून आणलं. बाबा म्हणजे या घरातले वडील. विजेच्या मोटारी दुरुस्त करणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी माझ्या मोटारीला नवी तार भरली, सोंडेला चिकटपट्टी गुंडाळली आणि बटण दाबलं. मी असा काही घरघरलो की पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं. बाबा मात्र खूश. "बघ, नव्याच्या तोंडात मारेल असा झालाय!" ते आईला म्हणाले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला भलताच ताठा चढला होता.

मला आणलं होतं पिसवांसाठी. घरात ढब्बू नावाचा तपकिरी कुत्रा होता. घरातली थोरली मुलगी आठ वर्षांची आणि ढब्बूही आठ वर्षांचा. त्याचा कान धरून ती चालायला शिकली होती म्हणे. त्याच्या अंगावर पिसवा झाल्या होत्या. तो खाजवून खाजवून हैराण व्हायचा आणि बाळाच्या पायांवर लाल चट्टे उठायचे. आईने निक्षून सांगितलं होतं, "अहो, महिन्याभरात पिसवा गेल्या नाहीत तर कुत्रा घराबाहेर जाईल. बाळाचे हाल मला बघवत नाहीत." तिचं काही चुकत नव्हतं.

बाबा आणि थोरली ढब्बूला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन आले. घरात पाऊल टाकताच थोरलीने पाढा म्हणावा तसं सगळं म्हणून दाखवलं. "दर महिन्याला मानेवर औषध घालायचं. त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. घर रोज साफ करायचं, फटीसुद्धा. आणि मशीनची पिशवी लगेच बाहेर नेऊन झटकायची, नाहीतर पिसवा परत येतात."

"परत कशा येतील?" बाबा हसले. "आत पंखा फिरतो, चुरा होतो त्यांचा. आणि पिशवी सारखी काढली की शिवण उसवते. भरली की काढू."

"पण डॉक्टर म्हणाले ना, बाबा."

"आता मशीनचं तू मला शिकवणार होय गं?"

मित्रांनो, माझा पंखा पिशवीच्या मागे आहे. तिथवर काही पोचतच नाही. बाबांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं, कारण तो पंखा त्यांनीच बसवला होता. पण लेकीसमोर माघार घ्यायची म्हणजे मोठं जड काम.

औषध वेळेवर घातलं, अंथरूण धुतलं. बाबा दुकानातून आले की रोज न चुकता मला घेऊन कानाकोपरा साफ करायचे. कष्टात त्यांनी कसूर केली नाही. काम झालं की मला ढब्बूच्या अंथरुणाशेजारी ठेवायचे, कारण प्लग तिथेच होता. माझ्या पिशवीत धूळ, ढब्बूचे केस आणि छान ऊब. पिसवांना आणखी काय हवं? घर शांत झालं की त्या सोंडेतून एकेक करून बाहेर पडायच्या. मी गोळा करायचो आणि मीच परत द्यायचो. ढब्बू माझ्या सोंडेशी नाक आणून गुरगुरायचा. "मशीनचा राग येतो त्याला," असं म्हणून सगळे हसायचे. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मला घरघरीखेरीज दुसरं काही येत नाही.

महिना संपला. बाळाचे चट्टे होते तसेच होते. "आता मी तरी काय करू?" बाबा म्हणाले. गावाबाहेरच्या एका गोदामाच्या राखणदाराने ढब्बूला ठेवून घेतलं. थोरली रडली नाही. तिने त्याची थाळी घासून पुसून सोबत दिली.

मग पिसवा वाढल्या. कुत्रा नाही म्हटल्यावर त्या माणसांवर तुटून पडल्या. आठव्या दिवशी बाबा मला पुसत असताना त्यांच्या घोट्यांवर काळे ठिपके उड्या मारू लागले. त्यांनी ढब्बूच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला अंगणात नेऊन त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं आणि आतलं जिवंत वळवळणं बघताच ते पुन्हा घट्ट आवळलं.

"चल," ते थोरलीला म्हणाले. दोघं तशीच गोदामावर गेली. ढब्बू साखळी तोडून तीन दिवसांपूर्वीच निघून गेला होता. घराचा रस्ता शोधायला निघाला असणार. दोघं कित्येक आठवडे हाका मारत फिरली. तो सापडला नाही.

नंतर बाबांनी डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाळला. माझ्या जागी आईने झाडू घेतला. दोन-तीन महिन्यांत घरात औषधालाही पिसू उरली नाही. सगळं कसं स्वच्छ झालं, आणि ज्याच्यासाठी करायचं तोच नव्हता.

माझी पिशवी त्यांनी अंगणात उघडली त्याच दिवशी जाड प्लास्टिकमध्ये बांधली होती. ती आता जाळायला निघाले तर थोरलीने हात धरला. "नको ना बाबा. त्यात ढब्बूचे केस आहेत."

बाबांनी काडेपेटी खिशात ठेवली. त्यांनी ते बोचकं उन्हाळाभर गच्चीवर तापत ठेवलं. आतला शेवटचा जीव मेल्यावर पिशवी पुन्हा मला लावली, आणि मला दाराआड उभं केलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल. त्याची पिशवी रोज घराबाहेर नेऊन झटका. लहान माणसाने सांगितलं तरी झटका. माझी मात्र राहू द्या. थोरली अजून कधीतरी येते, पिशवीवर हात ठेवून उभी राहते, आणि आत चार मुठी तपकिरी केसांखेरीज तिला द्यायला माझ्याकडे काही नाही.