गोळीचा चातुर्मास

मित्रांनो, वटार गावातल्या एका घरात कपाटावर धूळ खात पडलेलं, बीपी मोजायचं जुनं मशीन मी. पत्र्याची पेटी, काचेच्या नळीत पारा, दंडाला बांधायचा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा देह. कारखान्यात मला दहादा तपासलं आणि मगच बाहेर पाठवलं. खोटं बोलायचं मला कोणी शिकवलंच नाही, आणि तेच माझ्या मालकाला खुपलं.

मालक म्हणजे हरेश्वरभाऊ, पानवेलीच्या वाडीचे धनी. माणिकपूरच्या डॉक्टरांनी त्यांचं बीपी फार वाढलेलं सांगितलं, तेव्हा दीपेशने, त्यांच्या मुलाने, मला मुंबईहून आणलं. सून तेजस्वी डॉक्टरांकडून मोजायला शिकली. सुरुवातीला माझं काय कौतुक झालं! आळीतली माणसं दंड उघडे करून ओटीवर रांगेत बसायची. रंभाकाकींनी, म्हणजे हरेश्वरभाऊंच्या बायकोने, माझ्यावर घालायला विणलेला रुमाल केला.

हरेश्वरभाऊ रोज सकाळी गोळी घेत होते आणि माझा पारा हळूहळू खालच्या आकड्यावर थांबू लागला. मला वाटलं, आपण कामाला आलो. पण हा माणूस आकडा बघून खूश झाला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

आषाढी एकादशीला घरात चातुर्मासाचा नेम धरायची रीत होती. कोणी वांगी सोडे, कोणी कांदा. रंभाकाकी म्हणाल्या, "औंदा तुम्ही लोनचा-पापड सोडा. डाक्टरपन तेच सांगतात."

"लोनचा कशाला? गोळी सोडतो!" हरेश्वरभाऊ म्हणाले. "मना काय झालाय? डोका दुखत नाय, चक्कर येत नाय. मशीनच सांगते, मी बरा हाय."

"बाबा, गोळीमुळेच आकडा खाली आलाय. सोडलीत तर परत चढेल," तेजस्वी काकुळतीला आली.

त्यांनी देवासमोर पळीभर पाणी सोडलं आणि नेम धरला. माझं नाव पुढे करून! असा संताप आला मला, पण पेटीला तोंड कुठे असतं?

श्रावणात तेजस्वीने पट्टा बांधला. पारा वर चढला होता, आणि मी तो तसाच दाखवला. हरेश्वरभाऊंनी पट्टा ओढून काढला. "मशीन बिघडली. ठेव वर!"

"मशीन बरी हाय हो," रंभाकाकी रडवेल्या झाल्या. "नेम मोडा. देव काय रागावनार नाय."

"पानी सोडलाय मी. नेम मोडायचा नाय." आणि त्याच दिवशी जेवताना त्यांनी लोणच्याच्या दोन फोडी चोखून खाल्ल्या. लोणच्याचा नेम कुठे होता!

दसऱ्याला त्यांनी स्वतः मला खाली काढलं. वेडी आशा वाटली मला. त्यांनी मला कोयता आणि पाण्याच्या पंपाशेजारी मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले आणि पुन्हा कपाटावर ठेवून दिलं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या पाया पडण्याचा हा प्रकार मला आजही समजलेला नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात वेलींना पाणी सोडताना हरेश्वरभाऊ वाडीत कोसळले. दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. तरी घरी गोळी पुढे केली की ते ओठ घट्ट मिटून घेत; नेम अजून संपला नव्हता.

चातुर्मास संपला, द्वादशी आली. सोडलेली वस्तू आधी देवाला दाखवून मग तोंडात घालायची, ही तिथली रीत. रंभाकाकींनी तुळशीसमोर नैवेद्याचं पान मांडलं, त्यावर भाताशेजारी ती पांढरी गोळी ठेवली. मग ती आणून नवऱ्याच्या ओठांशी धरली. "घ्या. नेम पुरा झाला तुमचा. आता चालते."

हरेश्वरभाऊंनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो हलला नाही. काकींनीच गोळी जिभेवर ठेवली आणि चमच्याने पाणी पाजलं. त्या दिवसापासून तेजस्वी रोज त्यांच्या डाव्या दंडाला पट्टा बांधू लागली. आता माझ्या आकड्यावर कोणी वाद घालत नव्हतं.

पुढे हरेश्वरभाऊ गेले, आणि मी पुन्हा कपाटावर आलो. मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला फूल वाहू नका. त्याच्यापुढे हात करा, आणि आकडा चांगला आला तरी गोळी घ्या. उजवा हात पुढे करता येतोय, तोवर करा.