पुलापलीकडचा मुलगा

थंडी वाढली तशा शहराच्या निवाऱ्यातल्या खाटा कमी पडू लागल्या. निवारा म्हणजे एके काळची व्यायामशाळा. छताला दोरांच्या कड्या तशाच होत्या, जमिनीवर खेळाच्या पांढऱ्या रेषा होत्या आणि त्या रेषा धरूनच लोखंडी खाटा मांडलेल्या. खाटा वाढवायच्या तर जागा हवी, आणि जागा द्यायला कुणी तयार नाही. मग शहराने सोपा उपाय काढला. खाटा वाढत नाहीत ना, मग माणसं कमी करा.

नियम असा आला, की ज्याचं या शहरात रक्ताचं कुणी आहे त्याला खाट नाही. त्याने त्यांच्याकडे जावं.

निवाऱ्याची देखरेख करणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. चादरी बदलणं, घोंगड्या झटकणं, कुणाच्या पायाला भेगा पडल्या असतील तर तेल देणं, सगळं तीच बघायची. बोलणं हळू, चालणं हळू. सकाळी देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही. आता संध्याकाळी दारात उभं राहून प्रत्येकाला विचारायचं कामही तिच्याकडेच आलं. शहराने निवाऱ्यावर नेमलेले साहेब शेजारी उभे राहत. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला समजावलं, की आपण काही पोलीस नाही, शोध घ्यायचा नाही. विचारायचं, आणि जो जे सांगेल ते खरं धरायचं.

पाण्याला वाट सापडते तशी लोकांनाही सापडली. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत सगळी रांग एका सुरात ‘कुणी नाही’ म्हणू लागली. ज्याला चार भाऊ होते तोही अनाथ झाला. लग्नात बाजा वाजवणारा एक होता, ओठ सुजून काम सुटलेला. तो म्हणाला, “ताई, बायको आहे, पण तीच सांगत फिरते की तिचं कुणी नाही. मग माझं तरी कुठून असणार?” साहेबसुद्धा हसले आणि त्याला आत सोडलं.

अडली ती एकटी काजेवाली मावशी.

मावशीने जन्मभर शिंप्यांच्या दुकानांसाठी हाताने काजं केली होती. यंत्रं आली, डोळे गेले, खोली सुटली, पण बोटांची सवय सुटली नाही. निवाऱ्यातल्या उसवलेल्या घोंगड्या तीच शिवून द्यायची. नियम आला त्या संध्याकाळी ताईने विचारलं, “मावशी, शहरात तुमचं कुणी आहे का?” आणि मावशीचा चेहरा उजळला. “आहे ना. मुलगा आहे. पुलापलीकडे राहतो.”

साहेबांनी मान खाली घातली. ताईने अडवलं नाही, आत घेतलंही नाही. मावशी थोडा वेळ उभी राहिली, मग तिला कळलं. गाठोडं काखेला मारून ती समोरच्या बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसली. ती रात्र तिने तिथेच काढली.

सकाळी ताई तिच्यासाठी गरम चहा घेऊन गेली आणि आडून आडून सांगू लागली. बरेच जण ‘कुणी नाही’ म्हणतात. शब्दाने काय होतं. मावशीने ऐकून घेतलं आणि कप बाकावर ठेवला.

“त्याच्या आधीची दोन माझ्या हातातून गेली, ताई. हाही तापात असा पडला होता की शेजारीण दारातूनच म्हणाली, हा काही आता नाही. मी तिचं तोंड दाबलं होतं. आणि आता मीच म्हणू? जित्या लेकाला नाही म्हणू?”

ताईने कप उचलून परत तिच्या हातात दिला. तिनेही कधी कुणाबद्दल अशुभ शब्द काढला नव्हता. पण थंडी अशी पडली होती की थांब्याचं छत सकाळी पांढरं दिसायचं. तिने युक्ती केली. संध्याकाळी प्रश्नच फिरवला आणि विचारलं, की तुम्हाला घरात घेईल असं कुणी आहे का. मावशी बिचकली. इकडे तिकडे बघत म्हणाली, “घेईल की. मीच विचारलं नाही त्याला.” मागून बाजेवाला पुटपुटला, “मावशी, मीच तुम्हाला आई म्हटलं असतं. पण मग दोघांच्याही खाटा जातील.” या वेळी कुणी हसलं नाही.

मावशी खोकू लागली तेव्हा सुट्टीच्या दिवशी ताई पूल ओलांडून गेली. मुलगा इस्त्रीचं काम करायचा. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे पडदा आणि पडद्यामागे सगळा संसार. आजारी सासरा पलंगावर, पलंगाखाली मुलांची अंथरुणं. ताईने नियम सांगितला, आई बाकावर झोपते तेही सांगितलं. पडद्याआडची भांड्यांची खुडबुड थांबली. मुलगा इस्त्री उभी करून बराच वेळ बाहीच्या एकाच घडीकडे बघत राहिला. रागावला असता तर ताईला बरं वाटलं असतं.

“कुठे झोपवू तिला, तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. मग आवाज आणखी खाली आणला. “तिला म्हणावं, नाही म्हणून सांग. मला चालेल. मी वाईट वाटून घेणार नाही.”

हा निरोप घेऊन पूल परत ओलांडताना ताई दोनदा कठड्याशी थांबली. सांगू नये असं दहादा मनात आलं. तो तुम्हाला न्यायला येतोय, असं म्हटलं तर म्हातारी हसेल तरी. पण मग ती त्याची वाट बघत बाकावरच बसून राहील. आणि खोटं बोलायचं नाही हा ताईचा नेमही होताच.

तिने थांब्यावर मावशीशेजारी बसून निरोप होता तसा सांगितला.

मावशीने पदर कानांवरून ओढून घेतला. “तो स्वतः म्हणाला?”

“हो.”

“खोकला होता का त्याला? थंडीत होतो.”

“नव्हता.”

“मग बरं.”

संध्याकाळी ती रांगेत उभी राहिली. ताईने विचारलं. मावशीने साहेबांकडे बघितलं नाही, ताईकडेही नाही. समोरच्या भिंतीकडे बघत स्पष्ट आवाजात म्हणाली, “कुणी नाही.” साहेबांनी मोकळा श्वास घेतला आणि स्वतः तिचं गाठोडं उचलून खाटेपाशी नेऊन ठेवलं. खाटेवर बसल्यावर मावशीने डोळे मिटले. ओठ हलत होते. ताई घोंगडी पांघरायला वाकली तेव्हा तिला ऐकू आलं. “आहे रे बाबा, आहे. मनावर घेऊ नकोस.”

त्यानंतर कुठे खरा घोर लागला. सकाळी सगळे झोपेत असतानाच मावशीची खाट रिकामी दिसायची, घोंगडी घडी करून उशाला. गुडघे धरलेले, खोकला पुरता गेलेला नाही, आणि ही बाई उजाडायच्या आत कुठे जाते ते कुणालाच माहीत नाही. शहराने एव्हाना जाहीर केलं होतं की खाटा आता फक्त निराधारांनाच मिळतात. साहेबांना वरून शाबासकी मिळाली. त्यांनी ती ताईला सांगितली आणि लगेच दुसरा विषय काढला.

एकदा ताई फाटकात थांबून राहिली. मावशी पुलाच्या बाजूने भिंत धरत धरत आली. ताईने हात दिला आणि एवढ्या थंडीत कुठे जाता म्हणून विचारलं.

“बघून येते,” मावशी म्हणाली. “संध्याकाळी तोंडातून तसलं बोलते ना रोज. माझं बोलणं लागलं नाही ना त्याला, तेवढं बघते. दुकान उघडतो तो. लांबूनच दिसतो.”

“बोलत नाही त्याच्याशी?”

“कशी बोलू? कुणी नाही म्हटलंय ना.” ती दम घ्यायला पायरीवर टेकली. ताई तिचे गार पडलेले हात चोळत राहिली. मावशी म्हणाली, “शर्टाचं वरचं बटण लावत नाही हल्ली. काज सैल झालं असेल. माझ्याच हातचं आहे, दोन टाके घातले की झालं.”

टाके घालायचे तर जवळ जावं लागलं असतं.

संध्याकाळी रांग लागली. साहेब आले, दिवे लागले. मावशी पुढे आली तेव्हा ताईच्या तोंडून प्रश्न निघेना. मावशीनेच तिच्या हातावर हात ठेवला, विचार म्हणून खूण केली आणि मग प्रश्नाची वाट न बघता रोजचंच उत्तर देऊन टाकलं.