चिठ्ठीशिवाय नाही

गोरेपणाच्या क्रीमच्या ट्यूबच्या दुमडीत अजून थोडं आहे — शिवणाच्या कात्रीनं तिचं पोट उभं चिरून वनजानं ती मशीनवर उलगडली, तेव्हा आतल्या चंदेरी पत्र्यावर पांढरा ओघळ दिसला, एका गालापुरता. कुणाच्या गालाला, हाच प्रश्न.

स्वतःचे गाल तर पेटलेत. ट्यूब संपत आली म्हणून परवापासून लावलं नाही, तर ही आग... आणि सकाळी मेडिकलच्या बिंदुमाधवनं नवी दिली नाही. इतकी वर्षं न मागता कागदात गुंडाळून देणारा बिंदुमाधव!

"डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे अक्का. सरकारचा रूल आलाय, आता सुम्ने, असंच, देता येत नाही."

"मी काय आजची गिऱ्हाईक आहे रे? आणि माझ्यासाठी नकोच. माझ्या लेकीला, जयीला पाहिजे, रविवारी बघायला येताहेत."

"मग तर मुळीच नाही." आवाज खाली आणून तो म्हणाला, "आरशात बघता ना, अक्का? आत स्टिरॉइड असतं. कातडी पातळ होते."

पातळ. शिवणारीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. धुऊन धुऊन विरलेल्या कापडातून आतली शिवण दिसते, तशा तिच्या गालांवर लाल-निळ्या नसा दिसतात. ती म्हणत आली, उन्हामुळे. ऊन बाधतं म्हणून पदर, पदरात उकडतं म्हणून लाली, लालीवर पुन्हा तीच ट्यूब... मेडिकलमधून येतं म्हणजे औषध, औषध म्हणजे अपाय नाही — ह्या घरात कुठल्याच बाईला त्यात काही खटकलं नव्हतं. नवरीचा ब्लाउज घरीच शिवायचा आणि त्याच्या घडीत ट्यूब ठेवून द्यायची, अशी रीतच पडली होती. सोयराआत्यांनी — सासू खऱ्या, पण आधीपासूनच्या लांबच्या आत्या — तिला तशीच दिली होती. "बघायला आले त्या दिवशी होतीस, तशीच राहा गं." ती राहिली. निवृत्तीनं बायकोचा खरा चेहरा कधी पाहिलाच नाही. आणि मी? मी तरी कुठे पाहिलाय?

"वनजा, निवृत्ती सरगूरला युनिफॉर्म द्यायला निघालाय," आत्या आतून ओरडल्या. "तिथं कोण विचारतंय चिठ्ठीबिठ्ठी! दोन आणायला सांग."

सरगूर. त्या आडगावात नियम पोचला नसेल, किंवा पोचून फळीमागे बसला असेल. दोन ट्यूब. एक माझी आग विझवायला; आणि दुसरी जयीच्या ब्लाउजच्या घडीत —

तेवढ्यात जयीच दारात. हेब्बाळच्या कंपनीतली पहाटपाळी संपवून, बसमधून उतरून, घामानं चकाकणारी, सावळी, भुकेलेली. मशीनवर नजर गेली.

"आई, हे कसलं ऑपरेशन?"

"तुझ्यासाठीच. रविवारपर्यंत थोडं..."

"मी काय भिंत आहे, पाहुणे यायच्या आत चुना मारायला?" तिनं ट्यूब उचलून चिंध्यांच्या टोपलीत टाकली. मग हसता हसता थांबली. "आई... जळतंय का गं?"

आणि तिनं तळवा गालावर ठेवला. लावलेलं पुसलं जाईल म्हणून वनजा कुणालाच तिथे हात लावू देत नसे — लहानपणी हिलासुद्धा. आता पुसण्यासारखं काही नव्हतं. झोंबलं. तरी तिनं मान वळवली नाही.

"उद्या स्किनच्या डॉक्टरकडे जाऊ. मी रजा टाकते."

"चिठ्ठी देतील?"

"देतील. ह्या ट्यूबची नसेल."

बाहेर स्कूटर सुरू झाली. "वनजा, सरगूरहून काय आणू?" निवृत्तीचा आवाज.

ट्यूबचं नाव ओठांवर आलं. गाल म्हणाले, सांग. आत्या आतून कान लावून बसल्या असतील... रविवारी पाहुणे काय म्हणतील, हे असंच राहिलं तर निवृत्ती काय म्हणेल, आग किती दिवस — महिने? — चालेल, ह्यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"काही नको. सावकाश जा!"

ती पदर न घेताच उंबऱ्यापर्यंत आली होती. ऊन थेट तोंडावर. ह्या सगळ्याच्या खालून कोण निघेल? आईसारखी नाकाची बाजू सावळी असेल, की जयीसारखं कपाळ... की तोवर म्हातारीच झालेली असेल कुणी? बघू तरी, तिला वाटलं. आणि हे वाटणं इतकं नवं होतं, की ती तिथेच थोडा वेळ, डोळे बारीक करून, उभी राहिली.