वाकडं बोअर

“आकाराम, बंद कर रं कॉम्प्रेसर! बंद कर म्हणतोय न्हवं!” मानसिंग बोअरच्या मशीनवरनं हाताखालच्या पोराला ओरडला, आणि म्हसवडजवळच्या त्या वाडीतल्या बायांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली.

वाहणारच की! बहात्तरचा दुष्काळ, दीडशे फूट काळा पाषाण फोडून नुकतंच पाणी उडालेलं. बाया घागरी घेऊन धावतायत आणि हा बाबा म्हणतो, बंद करा!

पण मानसिंगचं लक्ष रॉडाकडे होतं. वर ओढलेला रॉड एकाच अंगानं घासून चकचकीत झाला होता. भोक वाकडं गेलं होतं. आज हवेच्या जोरावर पाणी उडत होतं, पण हातपंपाचे पाइप त्यात उतरणार नव्हते. सपाट जागेवर म्हसोबाचा दगड होता; सकाळी तो हलवला असता तर मशीन तिथं सरळ बसलं असतं. पण याच वाडीत दिलेली त्याची धाकटी बहीण राहीबाई आडवी आली होती, “देवाला हात लावू नगंस, दादा,” आणि एकेकाळी पलटणीत साहेबालाही न जुमानणारा गडी विरघळला होता. मशीन उतारावर तिरपं उभं राहिलं होतं.

“राहे, डिझेल थोडंच हाय,” तो तिला बाजूला घेऊन म्हणाला. “पाणी उडवत बसलो तर आजच्या घागरी भरतील, बस्स. सकाळी मशीन दुसऱ्या गावाला जाणार. शेजारी सरळ बोअर घेतो. पर देव हलवाय लागंल.”

राहीबाई दगडापाशी गेली. मग पदर पसरून तिनं म्हसोबाची माफी मागितली आणि दगडाला पहिला हात तिनंच लावला. “सरा गं बायांनो,” ती म्हणाली, “माझा दादा आता चुकायचा न्हाई.”

मानसिंगनं ओळंबा धरून मशीन उभं केलं. एका जागी त्याचा पाय ठरेना. रॉडामागून रॉड सरळ उतरले. वर नुसता धुरळा. दीडशे फुटांवर धुरळा, त्याखालीही धुरळाच. शेवटी गचके खात इंजिन थांबलं. डिझेल संपलं होतं. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी बाजूच्या भेगेत होतं, पहिलं भोक वाकडं गेलं म्हणूनच तिथं पोचलं होतं.

आता कुणीच शिवी दिली नाही. ते त्याला जास्त लागलं. बाया रिकाम्या घागरी घेऊन निघून गेल्या.

राहीबाई भाकरी घेऊन आली.

“निदान घागरी तरी भरून दिल्या असत्या गं,” तो म्हणाला.

“खाऊन घे, दादा.”

हात धुवायला पाणी नव्हतं. तिनं पदरानं त्याचे हात पुसले आणि भाकरी त्यांवर ठेवली.